बिघाडाच्या दिवशी हवेचा वाली कोण?

नागपूर, खास प्रतिनिधी

कारखान्याच्या धुराड्यातून किती धूळ बाहेर पडावी, याचे आकडे कायद्याने ठरवून दिलेले आहेत. यंत्रे सुरळीत चालू असताना ते आकडे पाळले जातात की नाही, यावर गेली कित्येक वर्षे चर्चा झडते आहे. याचिका दाखल होतात, समित्या नेमल्या जातात, अहवाल येतात. परंतु ज्या दिवशी यंत्र सुरळीत चालत नाही, त्या दिवशी काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. प्रदूषण रोखणारे उपकरणच नादुरुस्त झाले, संच अचानक बंद पडला, देखभालीसाठी थांबवलेली भट्टी पुन्हा पेटवली जात आहे, अशा वेळी धुराड्यातून जे बाहेर पडते त्याचा हिशेब कोण ठेवतो? तो हिशेब धुराच्या वाटेवर राहणाऱ्या नागरिकाला कधी कळतो काय?

जरीपटक्यासारख्या उत्तर नागपुरातील वस्तीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कायद्याच्या अभ्यासकांचा नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वसाहतीतून वाढलेला, बाजारपेठेने गजबजलेला हा भाग शहराच्या ज्या टोकाला आहे, त्याच दिशेला पुढे कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन औष्णिक वीज केंद्रे उभी आहेत. जवळच उप्पलवाडीची औद्योगिक वसाहत आहे. हिवाळ्यात नागपुरात वारे बहुधा उत्तर आणि ईशान्य दिशांकडून येतात. त्या वाऱ्यांच्या वाटेवर शहराचा हाच भाग आधी लागतो.

उत्तरेचे शेजारी

कोराडी येथे ६६० मेगावॅटचे तीन आणि २१० मेगावॅटचा एक संच मिळून २,१९० मेगावॅटची क्षमता आहे. खापरखेड्यात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, अशी १,३४० मेगावॅटची. म्हणजे साडेतीन हजार मेगावॅटहून अधिक कोळशाची वीज नागपूरच्या उत्तर वेशीवर तयार होते. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा पर्यावरणवादी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला होता. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी लगतच्या गावांत आणि शेतांत शिरले. ती घटना डोळ्यांना दिसणारी होती, म्हणून तिची बातमी झाली. हवेत फुटणारा बांध दिसत नाही. तो रात्री फुटतो, पहाटे भरून येतो आणि त्याचा पंचनामा होत नाही.

या दोन केंद्रांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की, नागपूरच्या हवेतील सगळी धूळ त्यांची नव्हे. रस्त्यांची कामे, वाहने, उघड्यावर जाळला जाणारा कचरा, बांधकामे यांचा वाटा मोठा आहे. परंतु नेमका कोणत्या दिवशी कोणाचा वाटा किती, हे ठरवायचे तर त्या दिवशी धुराड्यांची स्थिती काय होती हे माहीत असावे लागते. खरी अडचण तिथेच आहे.

चार तासांची किंमत

विदर्भातील कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. हा कोळसा बारीक दळून भट्टीत फुंकला जातो. जळाल्यानंतर उरणाऱ्या राखेचा बहुतांश भाग वायूंबरोबर धुराड्याच्या दिशेने निघतो. त्याला वाटेत अडवते ते इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजेच ईएसपी, हे उपकरण. त्यात उच्च दाबाच्या विजेने राखेच्या कणांना भारित करून पत्र्यांकडे खेचले जाते. पत्र्यांवर ठोके देऊन ती राख खालच्या हॉपरमध्ये पाडली जाते आणि तेथून वाहून नेली जाते.

या उपकरणाची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या वर असते, असे आपण ऐकतो. परंतु दशांश चिन्हानंतरच्या आकड्यातच सगळा फरक दडलेला आहे. एक ढोबळ हिशेब करून पाहू. २१० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालताना ताशी सुमारे १४० टन कोळसा जाळतो. राख ४० टक्के धरली आणि तिचा चार पंचमांश भाग वायूबरोबर निघाला, तर ताशी सुमारे ४५ टन राख ईएसपीच्या दाराशी येते. उपकरणाने ९९.८ टक्के राख पकडली, तर ९० किलो बाहेर जाते. तीच कार्यक्षमता ९८ टक्क्यांवर घसरली, तर ९०० किलो. म्हणजे दोन टक्क्यांपेक्षाही कमी घसरणीत बाहेर पडणारी धूळ दसपट होते. अशी स्थिती चार तास राहिली, तर ३,६०० किलो राख हवेत जाते. सुरळीत दिवसांत एवढी राख बाहेर पडायला ४० तास लागले असते.

कार्यक्षमता घसरण्याची कारणे रोजच्या कामातलीच असतात. हॉपरमधील राख वेळेवर निघाली नाही, तर ती साचत साचत वर चढते, विद्युतभारित भागाला टेकते आणि तो कप्पा निकामी होतो. ठोके देणारी यंत्रणा अडकते. ट्रान्सफॉर्मर बंद पडतो. असे एकदोन कप्पे बंद असतानाही संच चालू ठेवता येतो, कारण विजेचे उत्पादन त्यामुळे घटत नाही. टर्बाइन बिघडले तर वीज थांबते, म्हणून ते तातडीने दुरुस्त होते. ईएसपीचा कप्पा बिघडला तर थांबते ती केवळ हवेची राखण. दुरुस्तीची निकड कशाला अधिक, हे यातून आपोआप ठरते.

दुसरी वेळ भट्टी पेटवण्याची. बॉयलरच्या नळीला गळती लागणे हे अशा केंद्रांतील संच बंद पडण्याचे नेहमीचे कारण. गळती दुरुस्त झाली की संच पुन्हा सुरू करावा लागतो. थंड भट्टी थेट कोळशावर पेटत नाही, आधी तेल जाळावे लागते. अर्धवट जळालेल्या तेलाचे कण ईएसपीच्या पत्र्यांवर बसू नयेत आणि ठिणगीने आग लागू नये, म्हणून तेलाचा आधार कमी होईपर्यंत उपकरणाचे सर्व कप्पे चालू केले जात नाहीत. त्यामागे तांत्रिक कारण आहे, केवळ हलगर्जीपणा नाही. परंतु त्या काही तासांत निघणारा काळा धूर नागरिकांच्या फुप्फुसात जातो, हेही तितकेच खरे आहे.

हे तास यापुढे कमी होण्याऐवजी वाढण्याचीच चिन्हे आहेत. दिवसा सौर ऊर्जा भरपूर मिळू लागल्याने दुपारी औष्णिक संचांचा भार उतरवावा लागतो आणि सायंकाळी पुन्हा चढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार कोळशाचे संच ५५ टक्के भारापर्यंत खाली आणता आले पाहिजेत, आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत. एकसारख्या भारावर चालण्यासाठी बांधलेली यंत्रे अशी वरखाली करायची, तर झीज वाढणार आणि बिघाडही वाढणार. ‘अपवादाचा तास’ हळूहळू रोजचाच होऊ लागला, तर अपवादाला नियम नसणे परवडणारे नाही.

कायदा काय म्हणतो?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिघाड झाला की नियम शिथिल होतात, असे कायदा म्हणत नाही. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ याच्या कलम २१ नुसार संमतीपत्र घेणाऱ्याने नियंत्रण उपकरणे सदैव चालू स्थितीत ठेवणे बंधनकारक आहे. कलम २२ मानकांपेक्षा जास्त उत्सर्जनास मनाई करते. कलम २३ तर नेमके आपल्या विषयाचे आहे. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने मानकांपेक्षा जास्त उत्सर्जन झाले, किंवा होण्याची भीती असली, तरी प्रभारी व्यक्तीने ती गोष्ट राज्य मंडळाला ‘तत्काळ’ कळवली पाहिजे. कळल्यानंतर मंडळाने शक्य तितक्या लवकर उपाययोजना करायची आहे आणि तिचा खर्च संबंधिताकडून व्याजासह वसूल करता येतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांतील सर्वसाधारण अटी त्याहून कडक आहेत. प्रदूषण नियंत्रण उपकरण बंद पडल्यास त्याच्याशी जोडलेली उत्पादन प्रक्रिया थांबवावी, असे त्यांत म्हटलेले असते. वीजपुरवठा खंडित झाला तरी नियंत्रण उपकरणे चालतील असा पर्यायी पुरवठा ठेवावा, तो नसेल तर उत्पादन कमी करावे किंवा थांबवावे, अशीही अट असते. जादा उत्सर्जनाची माहिती मंडळाबरोबरच पोलीस ठाणे, आरोग्य सेवा संचालनालय, कारखाने निरीक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना देण्याचे बंधन असते.

म्हणजे कागदावर आपला नियम जगातील अनेक देशांपेक्षा कठोर आहे. उपकरण बंद तर उत्पादन बंद, इतका सरळ. मग अडचण कुठे आहे?

घड्याळ नसलेला नियम

अडचण अशी की, या नियमाला घड्याळ नाही. ‘तत्काळ’ म्हणजे एक तास, एक दिवस की पुढच्या महिन्याचा अहवाल, हे कलम २३ सांगत नाही. उपकरण ‘बंद पडले’ म्हणजे पूर्ण बंद की दहापैकी तीन कप्पे बंद, हे संमतीपत्र सांगत नाही. वर्षभरात असे किती तास चालवून घ्यायचे, याची मर्यादा कुठेच नाही. आणि ज्याला कळवायचे त्यांच्या यादीत सर्व कार्यालये आहेत, श्वास घेणारा नागरिक मात्र नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थेचेच उदाहरण घ्या. कळवायचे ते कारखाना ज्या हद्दीत आहे त्या हद्दीतील संस्थेला. कोराडी आणि खापरखेडा नागपूर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. जरीपटका महापालिकेच्या हद्दीत. तेव्हा अटीचे अक्षरशः पालन झाले, तरी उत्तर नागपूरची आरोग्य यंत्रणा अंधारातच राहू शकते. वाऱ्याला महापालिकेची हद्द कळत नाही, अटींना मात्र तेवढीच कळते.

‘उत्पादन थांबवा’ या अटीच्या कडकपणातच तिची दुर्बलताही दडलेली आहे. उन्हाळ्यात सायंकाळी विजेची मागणी शिगेला पोहोचली असताना ६६० मेगावॅटचा संच ईएसपीचे काही कप्पे बंद आहेत म्हणून थांबवा, असा आदेश देण्याची हिंमत कोणता अधिकारी करील? भारनियमनाचे खापर त्याच्या माथी फुटेल. पाळणे अशक्य वाटणारा नियम मोडला जात नाही, तो विसरला जातो. कळवले तर थांबवावे लागेल, म्हणून न कळवणेच सोयीचे ठरते. जिथे सर्वांवर बंधन आहे तिथे कोणाचीच नोंद नाही, अशी ही अवस्था आहे.

शिक्षेची बाजूही पाहण्याजोगी आहे. जादा उत्सर्जनाची माहिती न देणे हा पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा अधिनियमातील बहुतेक ठिकाणची कैद काढून टाकली आणि १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आणली. ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. कैदेची धमकी कागदावरच राहणार असेल, तर खरोखर वसूल होणारा दंड अधिक परिणामकारक, असा युक्तिवाद यामागे आहे. तो मान्य केला तरी दंड ठरवायला आधी घटनेची नोंद लागते, आणि आपण पुन्हा त्याच मुद्द्यावर येऊन पोहोचतो.

बंद यंत्रेच घात करतात

देखभाल, थांबणे आणि पुन्हा सुरू होणे या अवस्थांकडे दुर्लक्ष करण्याची किंमत या देशाने पुरेपूर मोजलेली आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात विषारी वायू सुटला, तेव्हा त्याला थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या ज्योतमनोऱ्याची नळी देखभालीसाठी काढलेली होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर त्या रात्री कामी आला नाही. संरक्षणाची प्रत्येक फळी होती, पण त्या रात्री एकही उभी नव्हती.

७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथील एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ सुटून १२ जणांचा बळी गेला. टाळेबंदीत बंद असलेला हा कारखाना पुन्हा सुरू होण्याच्या बेतात होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील उंचाहार औष्णिक केंद्रात भट्टीत राखेचे ढेकूळ साचले असता संच पूर्ण न थांबवता ते मोकळे करण्याचा प्रयत्न झाला, स्फोट झाला आणि ४० हून अधिक लोक दगावले. यातील प्रत्येक घटना वेगळी आहे आणि धुराड्यातील धुळीशी त्यांची बरोबरी करता येणार नाही. परंतु धोका पूर्ण वेगाने चालणाऱ्या यंत्राइतकाच थांबलेल्या, अर्धवट चालणाऱ्या आणि पुन्हा उठणाऱ्या यंत्रात असतो, हा धडा तिन्ही ठिकाणी एकच आहे.

इतरांनी काय केले?

पाश्चात्त्य देशांनी या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. युरोपीय संघाच्या २०१० च्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशानुसार मोठ्या भट्टीचे प्रदूषण नियंत्रण उपकरण बिघडल्यास २४ तासांत ते पूर्ववत झाले पाहिजे. नाही तर चालकाने भार कमी करावा, भट्टी बंद करावी किंवा कमी प्रदूषण करणारे इंधन वापरावे. संबंधित प्राधिकरणाला ४८ तासांच्या आत कळवायचे. आणि बारा महिन्यांत अशा बिघडलेल्या स्थितीत चालण्याचे एकूण तास १२० पेक्षा जास्त होता कामा नयेत. विजेची अत्यंत निकड असेल तर सवलत आहे, पण ती प्राधिकरणाने द्यायची आहे, चालकाने परस्पर घ्यायची नाही.

अमेरिकेत लॉस एंजलीस परिसराच्या हवा नियामक संस्थेचा नियम आणखी काटेकोर आहे. बिघाड लक्षात आल्यापासून तासाभरात कळवायचे. बिघाड चालकाच्या चुकीने, दुर्लक्षाने किंवा अयोग्य देखभालीने झाला असेल, तर सवलत नाही. टेक्सास राज्यात मोठ्या जादा उत्सर्जनाची माहिती २४ तासांत द्यावी लागते आणि ती संगणकावर कोणालाही पाहता येते. आपल्या घराजवळच्या कारखान्यातून काल रात्री काय सुटले, हे तेथील नागरिक दुसऱ्या दिवशी वाचू शकतो.

याचा अर्थ तेथे सारे आलबेल आहे, असा नाही. यंत्र सुरू होताना, थांबताना आणि बिघडताना होणाऱ्या उत्सर्जनाला तेथील नियमांत वर्षानुवर्षे सरसकट सूट होती. २००८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने विषारी वायूंच्या बाबतीत ती सूट रद्द केली. मानके अखंड लागू असली पाहिजेत, ही त्यामागची भूमिका होती. २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने ३६ राज्यांना आपले नियम सुधारण्यास सांगितले. त्यावर उद्योग आणि राज्ये न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये त्या आदेशाचा काही भाग रद्द झाला. वाद अजून मिटलेला नाही. मात्र तेथे वाद आहे तो सूट किती द्यावी याचा. आपल्याकडे सूट नाही असे म्हणून विषयच मिटवला जातो आणि व्यवहारात ती अमर्याद मिळते.

अभियंत्यांचीही एक बाजू

वीज केंद्र चालवणाऱ्यांचे म्हणणे बाजूला सारून चालणार नाही. मोठा संच दिवा विझवावा तसा बंद करता येत नाही. अचानक थांबवल्यास बॉयलरच्या धातूवर ताण येतो. पुन्हा सुरू करताना कित्येक तास तेल जाळावे लागते आणि त्या वेळी उत्सर्जन आणखी वाढते. त्यामुळे दोन तासांत दुरुस्त होणाऱ्या बिघाडासाठी संच बंद करणे हवेच्या दृष्टीनेही तोट्याचे ठरू शकते. हा युक्तिवाद योग्य आहे. युरोपात २४ तासांची मुभा ठेवण्यामागे हेच शहाणपण आहे.

परंतु या युक्तिवादाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दोन तासांच्या बिघाडासाठी सवलत हवी असेल, तर तो दोन तासांचाच होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही घ्यावी लागेल. आणि तोच कप्पा दर महिन्याला बंद पडत असेल, तर त्याला बिघाड म्हणता येणार नाही. ते देखभालीचे अपयश आहे. अनपेक्षित घटना आणि अपेक्षित दुर्लक्ष यांतील सीमारेषा आखणे, हे नियमाचे पहिले काम आहे.

सरासरीत हरवलेली रात्र

नोंद नाही असे कसे म्हणता, धुराड्यांवर तर संगणकीय मापके बसवलेली आहेत, असे कोणी विचारील. ते खरे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणी करणारी उपकरणे बसवण्याचे आदेश दिले आणि त्यांत औष्णिक केंद्रे होतीच. डिसेंबर २०१५ मध्ये धूलिकणांची मानकेही कडक झाली. ३१ डिसेंबर २००३ पूर्वीच्या संचांना प्रति घनमीटर १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ या काळातील संचांना ५० आणि १ जानेवारी २०१७ पासूनच्या संचांना ३०. खापरखेड्याचे २१० मेगावॅटचे चारही संच यातील सर्वात सैल गटात मोडतात.

मापकांचे आकडे मंडळाकडे जातात. पण नेमक्या कोणत्या तासाला संच सुरू होत होता, कोणत्या वेळी ईएसपीचे कप्पे बंद होते, याची जोड त्या आकड्यांना दिल्याखेरीज त्यांचा अर्थ लागत नाही. आकडा अचानक उसळला तर तो उत्सर्जनाचा की मापकाच्या बिघाडाचा, हा वाद कायम राहतो. अशी जोड देऊन सामान्य माणसाला वाचता येईल असा तक्ता नागपूरकरांसमोर नियमितपणे ठेवला जात नाही.

शहराच्या हवेची मोजणीही येथे उपयोगी पडत नाही. नागपुरातील सतत मोजणीची केंद्रे सिव्हिल लाइन्स, महाल, रामनगर आणि अंबाझरी येथे आहेत. उत्तर नागपूरचे नाव त्यांत नाही. शिवाय मानके आहेत ती २४ तासांच्या सरासरीची. सूक्ष्म धूलिकणांसाठी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम, त्याहून मोठ्या धूलिकणांसाठी १००. पहाटे चार तास हवा भयंकर बिघडली आणि दुपारी वाऱ्याने साफ झाली, तर दिवसाची सरासरी ‘मध्यम’ दिसू शकते. हिवाळ्यात तर उंच धुराड्यातून निघालेला धूर रात्रभर जमिनीलगतच्या थंड हवेच्या वर तरंगत राहतो आणि ऊन तापू लागताच खाली मिसळतो. म्हणजे रात्रीच्या बिघाडाची किंमत सकाळी शाळेच्या वाटेवरची मुले मोजतात. दम्याच्या रुग्णाला सरासरी हवा मिळत नाही. त्याला त्या तासाची हवा मिळते.

नवा कायदा नको, नवी अट हवी

यावरील उपायासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम २१ नुसार संमतीपत्रात अटी घालण्याचा अधिकार राज्य मंडळाला आज आहे. संमतीपत्राचे नूतनीकरण ठरावीक काळाने होतेच. त्या वेळी काही गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट, ‘तत्काळ’ या शब्दाची व्याख्या. बिघाड लक्षात आल्यापासून एका तासात मंडळाला सूचना आणि ठरावीक दिवसांत कारणांसह लेखी अहवाल. दुसरी, तासांची मर्यादा. एका बिघाडासाठी २४ तास आणि वर्षाला युरोपाप्रमाणे १२० तास, किंवा आपल्या परिस्थितीत तज्ज्ञांना योग्य वाटेल तो आकडा. आकडा कोणताही असो, तो असला पाहिजे. मर्यादा ओलांडल्यावर भार उतरवणे बंधनकारक व्हावे आणि मंडळ आज बँक हमी घेतेच, ती त्या प्रमाणात जप्त व्हावी.

तिसरी गोष्ट नियोजित देखभालीची. वार्षिक ओव्हरहॉल कधी करायचा, हे महिनोन्महिने आधी ठरते. संच केव्हा थांबणार आणि केव्हा पेटणार, ही सूचना परिसरात आधी देता येते. पेटवण्याची वेळ निवडताना वाऱ्याचा आणि हवेच्या स्थितीचा विचार करता येतो. ईएसपीची दुरुस्ती संच बंद असतानाच पूर्ण करावी आणि तिचा दाखला दिल्याखेरीज संच सुरू होऊ नये, ही अट तर अगदीच साधी आहे.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे माहिती. सूचना केवळ कारखान्याच्या हद्दीतील संस्थेला न देता वाऱ्याच्या वाटेवरील महापालिकेलाही मिळावी आणि मंडळाने ती संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध करावी. २०१७ मध्ये याच मंडळाने धुराड्यांच्या उत्सर्जनावरून कारखान्यांना तारे देण्याची योजना सुरू केली होती. सुरळीत दिवसाचे तारे दाखवणाऱ्यांना बिघाडाच्या दिवसाची नोंद दाखवणे अवघड नाही. आपणहून वेळेत कळवणाऱ्याला दंडात सौम्यता आणि लपवणाऱ्याला जबर दंड, असे धोरण ठेवले तर न कळवण्यातील सोय संपेल.

नागरिकांच्या हातीही एक साधन आहे, ज्याचा वापर फारसा होत नाही. हवा अधिनियमाच्या कलम ४३ नुसार कोणतीही व्यक्ती ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करू शकते. तशी तक्रार करणाऱ्याने मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडील संबंधित अहवाल त्याला उपलब्ध करून द्यायचे आहेत, अपवाद केवळ सार्वजनिक हिताविरुद्ध असलेल्या अहवालांचा. माहितीचा अधिकार तर २००५ पासून आहेच. जरीपटका, इंदोरा, नारा, मानकापूर येथील नागरिक मंडळांनी गेल्या वर्षभरात कलम २३ खाली किती सूचना आल्या, एवढा एकच प्रश्न विचारला, तरी पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतील. उत्तर ‘शून्य’ आले, तर साडेतीन हजार मेगावॅटच्या यंत्रांत वर्षभर एकदाही बिघाड झाला नाही, असे मानायचे काय, हा दुसरा प्रश्न विचारावा लागेल.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचा समावेश आहे. रस्ते झाडणारी यंत्रे, कारंजी, हिरवे पट्टे यांवर निधी खर्च होतो. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु रस्त्यावरची धूळ टिपून घेणाऱ्या यंत्राने दिवसभरात जे कमावले, ते धुराड्यावरच्या एका बिघडलेल्या रात्रीत गमावले जात असेल, तर हा ताळेबंद कधीच जुळणार नाही. बिघाड हा यंत्राचा धर्म आहे, त्याबद्दल कोणाला फाशी देण्याची मागणी नाही. मागणी आहे ती त्याची वेळ, त्याचे तास आणि त्याचे कारण लिहून ठेवण्याची, आणि ज्यांनी ती हवा श्वासात घेतली त्यांना ते वाचू देण्याची. राखेचा बांध फुटला तेव्हा गावकऱ्यांना नुकसान निदान डोळ्यांनी पाहता तरी आले. उत्तर नागपूरच्या रहिवाशांचा हक्क त्यापेक्षा कमी असण्याचे कारण नाही.